ओहायोकाठचे वेव्हे

स्वित्झर्लंडमध्ये जिनीव्हा सरोवराच्या तीरावर वेव्हे नावाचे एक नगर आहे. डोंगरउतारावर दगडी ताली घालून पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले द्राक्षमळे त्याच्या पश्चिमेस थेट पाण्यापर्यंत उतरलेले दिसतात. त्या मळ्यांची मशागत शतकानुशतके अखंड चालू आहे. त्याच नावाचे दुसरे गाव अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, इंडियाना राज्यात, ओहायो नदीच्या उत्तर तीरावर आहे. सिनसिनाटी आणि लुईव्हिल ह्या दोन मोठ्या शहरांच्या दरम्यान, नदीच्या वळणावर वसलेल्या ह्या गावाची वस्ती अवघी सतराशेच्या आसपास. परगण्याचे नावच मुळी 'स्वित्झर्लंड परगणा'; आणि त्याची कचेरी ह्या गावात. नकाशावर पाहिले तर दोन्ही नावांत एका अक्षराचा काय तो फरक. परंतु ओहायोकाठचे लोक आपल्या गावाच्या नावाचा उच्चार 'व्हीव्ही' असा करतात. मूळ गावाहून कोणी आला तर त्याला हे आपल्याच गावाचे नाव आहे असे कदाचित ओळखूही यायचे नाही.

ह्या व्हीव्ही गावात दर वर्षी ऑगस्टअखेर नदीकाठच्या उद्यानात स्विस द्राक्षमद्याचा उत्सव भरतो. गंमत अशी की, हा उत्सव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला तेव्हा गावाभोवतीचा जुना द्राक्षमळा नाहीसा होऊन शंभरांहून अधिक वर्षे उलटली होती. द्राक्षे गेली, ती आणणाऱ्यांची फ्रेंच भाषा गेली, नावाचा उच्चार गेला. आणि मागाहून उत्सव आला! ह्या उलट्या क्रमाचा इतिहास आम्हांस मोठा विचार करण्याजोगा वाटतो. दर तीन वर्षांनी बदलीचा हुकूम हाती घेऊन नव्या मुलखात बिऱ्हाड मांडणाऱ्या आणि तेथे पोचताच मराठी मंडळाचा पत्ता विचारणाऱ्या आमच्या वाचकांनाही तो परका वाटू नये.

वेव्हेनजीकच्या एका द्राक्ष-बागवानाच्या घरी १७६३ साली झां-झाक ड्यूफूर ह्याचा जन्म झाला. त्याचा डावा हात अधू होता. छाटणी, खणती, मांडव ही सारी दोन्ही हातांची कामे, आणि हा मुलगा पुढे आयुष्यभर तीच करणार होता. तो चौदा वर्षांचा असताना अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध चालू होते. बंडखोर वसाहतींच्या मदतीस गेलेल्या फ्रेंच अधिकाऱ्यांची पत्रे युरोपातील वृत्तपत्रांत छापून येत. त्या देशात सर्व काही विपुल आहे, पण मद्य मात्र मिळत नाही, अशी त्यांची तक्रार असे. ती वाचून आपण अमेरिकेत जाऊन द्राक्षे लावायची असा निश्चय त्या वयात केला, असे ड्यूफूरने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. वाङ्मयात, धर्मात, राजकारणात पोरवयातील संकल्पांच्या कथा पुष्कळ आढळतात व त्यांतील बऱ्याचशा मागाहून रचलेल्या असतात. परंतु ड्यूफूरचे पुढील वर्तन पाहता त्याच्यावर अविश्वास दाखवावा असे आम्हांस वाटत नाही. निश्चयानंतर तो जवळजवळ वीस वर्षे थांबला आणि १७९६ मध्ये, तेहेतिसाव्या वर्षी, निघाला.

अमेरिकेत पाऊल ठेवताच त्याने मळा लावला नाही, हे त्याच्या शहाणपणाचे लक्षण होय. आधी त्याने इतरांच्या मळ्यांची पाहणी केली. पूर्व किनाऱ्यावर दोनशे वर्षे युरोपीय द्राक्षे लावण्याचे प्रयत्न चालले होते आणि ते सर्व फसले होते. पश्चिमेस मिसिसिपीच्या खोऱ्यात कास्कास्किया येथे जेझुइट पाद्र्यांनी द्राक्षे लावली होती असे ऐकून तो तेथवर गेला. त्यास मळ्याची जागा तेवढी दिसली, द्राक्षे नाहीत. फिलाडेल्फियाजवळ पीटर लेगो नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाच्या बागेत मात्र त्यास काही आशा दिसली. तेथील काड्या घेऊन तो केंटकीत आला. १७९८ मध्ये लेक्सिंग्टन येथे द्राक्षमळ्यासाठी एक मंडळी स्थापन झाली. पन्नास डॉलरांचा एक, असे दोनशे भाग काढावयाचे ठरले. केंटकी नदीच्या काठी 'पहिला मळा' ह्या नावानेच मळा उभा राहिला. त्यात ड्यूफूरने लावलेल्या पस्तीस-एक जातींपैकी युरोपहून आलेल्या बहुतेक सर्व जाती दोन-तीन वर्षांत मेल्या. भागधारकांचा हप्ता वेळेवर येईना. अशा अवस्थेत त्याने स्वदेशी पत्र धाडून भाऊ-बहिणींना बोलावून घेतले. १८०१ मध्ये सतरा जणांचा तो जथा केंटकीत येऊन दाखल झाला. १८०३ च्या हंगामाच्या मद्याची दोन लहान पिंपे घोड्यावर लादून एक भाऊ राष्ट्राध्यक्ष जेफर्सन ह्यांच्याकडे गेला. जेफर्सन स्वतः द्राक्षांच्या नादी लागून अपयश पदरी घेतलेले. त्यांना ह्या भेटीची किंमत कळली असणार.

दरम्यान ड्यूफूरने काँग्रेसकडे एक अर्ज केला होता. त्याचे फळ म्हणजे १ मे १८०२ चा कायदा. एका परदेशी बागवानास आणि त्याच्या सोबत्यांस सरकारी जमीन खरीदण्याचा अधिकार देणारा स्वतंत्र कायदा संसदेने करावा, ही गोष्ट सचिवालयात आयुष्य घालविलेल्या वाचकांच्या ध्यानी चटकन भरेल. ओहायोच्या उत्तर तीरावरील चार 'सेक्शन', म्हणजे २,५६० एकर, एकरी दोन डॉलर दराने. आणि पैसे भरण्याची मुदत १ जानेवारी १८१४ पर्यंत, तीही बिनव्याजी! अट एकच : द्राक्षाची लागवड. एवढी सवलत त्या काळी सामान्य वसाहतकऱ्यास मिळत नसे.

ह्या जमिनीचा आधीचा धनी कोण, हेही सांगितले पाहिजे. गावाच्या गौरवग्रंथांत त्याला फारशी जागा मिळत नाही. १७९५ च्या ग्रीनव्हिल तहान्वये शॉनी, मायामी, डेलावेअर इत्यादी जमातींना पराभवानंतर जो विस्तीर्ण मुलूख सोडून द्यावा लागला, त्याची सीमारेषा केंटकी नदीच्या मुखासमोर ओहायोला मिळते. व्हीव्ही त्या रेषेच्या पूर्वेस, सोडलेल्या मुलखात पडते. तहाला सात वर्षे झाली नाहीत तोच ती जमीन द्राक्षासाठी मोजून दिली गेली.

वसाहतीस नाव पडले 'न्यू स्वित्झर्लंड'. ह्या नावापाशी क्षणभर थांबले पाहिजे. ड्यूफूरचे घराणे 'व्हो' प्रांतातले, भाषेने फ्रेंच. आणि व्हो प्रांत १५३६ पासून बर्नच्या जर्मनभाषिक सरदारांच्या अमलाखाली होता. झां-झाकने १७९६ मध्ये देश सोडला तेव्हा तो स्विस संघराज्याचा बरोबरीचा नागरिक नव्हता, बर्नचा प्रजाजन होता. १७९८ च्या क्रांतीत बर्नचे राज्य गेले आणि १८०३ मध्ये नेपोलियनच्या मध्यस्थीने व्हो हे स्वतंत्र संघटक राज्य म्हणून संघात आले. म्हणजे ज्या सुमारास ही मंडळी ओहायोकाठी आपल्या जंगलास 'नवे स्वित्झर्लंड' म्हणत होती, त्याच सुमारास त्यांची जन्मभूमी प्रथमच खऱ्या अर्थाने स्वित्झर्लंड होत होती. दूर गेलेल्यांना आपण कोण ह्याचे नाव घरी राहिलेल्यांच्या आधी सापडते, असे कधीकधी घडते. आपल्याकडेही त्याच १८०३ साली तंजावरच्या सरफोजी राजांनी बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले वंशाचा इतिहास मराठीत दगडावर कोरविला. महाराष्ट्रात त्या वर्षी पेशवाई वसईच्या तहाने इंग्रजांच्या दावणीला बांधली गेली होती; आणि मराठ्यांची वंशकथा खोदली जात होती ती कावेरीच्या काठी.

आता द्राक्षाकडे वळू. केंटकीत व पुढे ओहायोकाठी जी जात तगली, तिला लेगोने 'केप' असे नाव दिले होते. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडून, केप ऑफ गुड होपहून, आपण ती आणविली असे तो सांगे. वस्तुतः ती तशी नव्हती. स्वातंत्र्ययुद्धापूर्वी काही दशके फिलाडेल्फियाजवळ पेन घराण्याच्या एका माळ्याला, त्याचे नाव अलेक्झांडर, ती सापडली होती, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आज तिला त्याच्याच नावाने ओळखतात. अमेरिकेतील रानद्राक्ष आणि कोणा हौशी गृहस्थाने लावलेली युरोपीय वेल ह्यांचा आपोआप झालेला तो संकर असावा असे मानतात. रानवेलीचे रक्त अंगात असल्यामुळेच भुरी, केवडा आणि मुळांवरची फायलोक्झेरा नावाची कीड ह्यांना ती पुरून उरली. ड्यूफूरच्या हयातीतच कित्येक जाणत्या लोकांनी ही वेल देशी आहे असे म्हटले होते. त्याने ते मानले नाही. १८२६ मध्ये सिनसिनाटी येथे प्रसिद्ध झालेल्या 'अमेरिकन व्हाइन-ड्रेसर्स गाइड' ह्या आपल्या ग्रंथातही ही जात बाहेरूनच आलेली आहे हा आग्रह त्याने सोडला नाही. आपण साता समुद्रांपलीकडून जे आणले ते रुजले, अशी त्याची श्रद्धा होती. खरे तर त्याने आणलेले सर्व मेले. जगले ते त्याच मातीने त्याच्या हाती दिलेले.

पुढे काळाने ह्यावर आणखी एक चढ चढविला. अमेरिकेतील ही फायलोक्झेरा कीड १८६० नंतर युरोपात पोचली आणि तिने फ्रान्सपासून स्वित्झर्लंडपर्यंत द्राक्षमळ्यांची धूळधाण केली. अखेर उपाय सापडला तो अमेरिकी रानवेलीच्या खुंटावर युरोपीय द्राक्षाचे कलम बांधण्याचा. आज वेव्हेच्या परिसरातील वेलीही अशाच कलमी आहेत. फार कशाला, नाशिक-सांगलीकडील बागाइतदार ज्या 'डॉगरीज' खुंटावर कलमे करतात तोही मूळचा अमेरिकेचाच. ड्यूफूरला हे कोणी सांगितले असते तर त्याने ते हसण्यावारी नेले असते.

ओहायोकाठच्या मळ्यांतील पहिले पीक १८०७ च्या सुमारास हाती आले. १८१० मध्ये सुमारे २,४०० गॅलन मद्य झाले. ते तांबडे, जरा तुरट असे. सिनसिनाटी, लुईव्हिल, लेक्सिंग्टन येथे खपे. प्रवासी लेखकांत त्याविषयी एकमत नाही. कोणी ते बोर्दोच्या शेजारी बसविले, कोणास ते आंबट लागले. तथापि अमेरिकेत पूर्वी जे कोणालाच साधले नव्हते ते येथे साधले. विक्रीसाठी वर्षानुवर्षे द्राक्षमद्य निघत राहिले. अमेरिकी मद्यव्यवसायाचे इतिहासकार आपला आरंभ ह्या गावापासून करतात तो ह्याच कारणाने. १८०९ मध्ये उशिरा पडलेल्या थंडीने केंटकीतील पहिला मळा मारला, आणि सारे घराणे नदी उतरून ह्या तीरावर एकवटले. १८१३ मध्ये ड्यूफूर बंधूंनी गावाची आखणी केली. पुढच्याच वर्षी परगणा झाला.

झां-झाक स्वतः मात्र ह्या उभारणीच्या काळात येथे नव्हता. घरच्या मिळकतीची व्यवस्था लावण्यास तो १८०६ मध्ये युरोपात गेला आणि नेपोलियनच्या युद्धांनी त्याला तेथेच अडकवून ठेवले. दहा वर्षांनी परतला तेव्हा त्याचे जंगलातले स्वप्न चौकोनी रस्त्यांचे गाव झाले होते. परंतु मळ्यांची चढती कमान फार काळ टिकली नाही. १८१९ च्या आर्थिक संकटात भाव कोसळले. मक्याची व्हिस्की स्वस्त होती आणि सीमेवरच्या लोकांची जीभ तिलाच सोकावली होती. 'केप' कितीही चिवट म्हटली तरी ओहायोच्या दमट उन्हाळ्यात तिचेही घड काळे पडून वाळू लागले. आणि सर्वांत मोठे कारण, आमच्या मते, मळ्यात नव्हे तर घरात होते. द्राक्षवेल वर्षातून तीन-चार वेळा प्रत्येक काडीपाशी वाकायला लावते. बापजाद्यांच्या अंगी ते वाकणे वेव्हेच्या तालींवर मुरले होते. मुलांच्या डोळ्यांसमोर मात्र मैलोगणती सपाट, सुपीक जमीन पसरली होती. मका आणि गवत त्यांना कमी कष्टांत अधिक पैसा देत होते. ड्यूफूरने आपला ग्रंथ लिहिला तो हे सर्व पाहत असताना. तिसांहून अधिक वर्षांचा अनुभव त्याने त्यात ओतला. इतरांनी कोठे चुका केल्या आणि आपण कोठे केल्या, हेही त्यात आले. १८२७ मध्ये तो वारला. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच गावचे मळे जवळजवळ संपले. ओहायो खोऱ्यातील द्राक्षाची पुढली कथा सिनसिनाटीच्या निकोलस लाँगवर्थकडे आणि 'कटॉबा' जातीकडे जाते. तिचा ह्या गावाशी संबंध नाही.

गाव मात्र बुडाले नाही. द्राक्षांच्या जागी गवताचे दिवस आले. शहरांतील घोड्यांना वैरण लागे, दक्षिणेतील कापसाच्या मळ्यांना लागे. आणि ती पोचविण्यास दारातच नदी होती. सुटे गवत होडीत मावेना, म्हणून ते दाबून गठ्ठे करण्याची तीन मजली लाकडी यंत्रे ह्या परगण्यात उभी राहिली. बैल वा घोडे खाली फिरावयाचे आणि त्यांच्या बळाने वर उचललेला जड ठोकळा गवतावर आदळावयाचा. सपाट तळाच्या नावांतून ते गठ्ठे थेट न्यू ऑर्लिन्सपर्यंत जात. असे एक यंत्र टिएबो नावाच्या स्विस घराण्याच्या जुन्या शेतवाडीत अद्याप जपलेले आहे. गावाच्या वारशाविषयी बोलताना लोक द्राक्षाचे नाव घेतात. गावाची जुनी टोलेजंग घरे पाहिली की त्यांतील कितीतरी विटा गवताच्या पैशांनी रचल्या गेल्या असाव्यात असे मनात आल्यावाचून राहत नाही. पण गवताचा उत्सव कोण करणार?

उत्सवाकडे येण्यापूर्वी पुन्हा एकदा सरोवराकाठच्या मूळ गावी जाणे भाग आहे. वेव्हे येथे द्राक्ष-बागवानांचा एक जुना बंधुसंघ आहे. १६४७ पासून त्याचे दप्तर उपलब्ध आहे. मळ्याचा धनी निराळा आणि मशागत करणारा निराळा, अशी तेथील रीत. संघाचे निरीक्षक मळ्यामळ्यांतून हिंडून छाटणी कशी, खणती कशी, वेल कशी बांधली, हे पाहतात आणि उत्तम काम करणाऱ्या बागवानास, धन्यास नव्हे, बक्षीस देतात. ह्या बक्षीससमारंभाची मिरवणूक वाढत वाढत १७९७ मध्ये तिचा मोठा महोत्सव झाला. बाजारचौकात प्रेक्षकांसाठी मचाणे बांधली गेली आणि उत्तम बागवानांच्या मस्तकी मुकुट ठेवण्यात आला. तेव्हापासून तो साधारण पिढीत एकदाच भरतो : विसाव्या शतकात १९०५, १९२७, १९५५, १९७७ आणि १९९९, त्यानंतर २०१९. युनेस्कोने २०१६ मध्ये त्याची गणना मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. ज्याने आयुष्य द्राक्षवेलीपाशी वाकून काढले, त्या झां-झाक ड्यूफूरने त्या पहिल्या मुकुटसमारंभाच्या अवघे एक वर्ष आधी गाव सोडले होते. म्हणून व्हीव्हीच्या उत्सवाला वेव्हेच्या उत्सवाची शाखा म्हणता येत नाही. झां-झाकने तरी तो पाहिलेलाच नव्हता, मग बरोबर आणणार कोठून?

व्हीव्हीचा उत्सव हा विसाव्या शतकात गावकऱ्यांनी नव्याने मांडलेला आहे. चार दिवस नदीकाठी राहुट्या लागतात, मिरवणूक निघते, पोल्का नाच होतात, मोठ्या पिंपांत अनवाणी पायांनी द्राक्षे तुडविण्याच्या शर्यती होतात. इंडियानात छोट्या उत्पादकांना द्राक्षमद्य काढून विकण्याची मोकळीक १९७१ च्या कायद्याने मिळाली, त्यामुळे आसपासची मद्यगृहेही हळूहळू तेथे दिसू लागली. ह्या खेळांतच एक जड दगड उचलून फेकण्याची स्पर्धा असते. आम्हांस सर्वांत कुतूहल वाटते ते तिचे. हा खेळ बर्नच्या डोंगराळ भागातला. इंटरलाकेनजवळ उन्स्पुनेन येथे १८०५ मध्ये बर्नच्या प्रतिष्ठितांनी शहर आणि खेडी ह्यांत समेट व्हावा म्हणून मेंढपाळांचा एक मेळावा भरविला, तेव्हापासून तो प्रसिद्धीस आला. तेथील नामांकित दगड ८३.५ किलो वजनाचा आहे. म्हणजे बर्नचे राज्य ज्यांच्या मानगुटीवरून नुकतेच उतरले होते त्या फ्रेंचभाषिक बागवानांच्या नावाने भरणाऱ्या उत्सवात बर्नच्या डोंगरातला दगड फेकला जातो! स्वित्झर्लंडमध्ये हा दगड इतका निरुपद्रवी मानला जात नाही. जुरा प्रांतातील फ्रेंचभाषिक लोकांचे बर्नशी दीर्घकाळ वैर होते. त्यांतील काही तरुणांनी १९८४ मध्ये तो दगड संग्रहालयातून पळवून नेला. २००१ मध्ये तो परत आला तेव्हा त्यावर युरोपीय संघाचे तारे कोरलेले होते. आणि २००५ मध्ये तो पुन्हा नाहीसा झाला. ओहायोच्या काठी मात्र जर्मन आणि फ्रेंच, बर्न आणि व्हो, हे सारे भेद पुसून 'स्विस' एवढी एकच गोष्ट उरली आहे. ह्या गावात १८३७ मध्ये जन्मलेला कादंबरीकार एडवर्ड एगल्स्टन ह्याने 'रॉक्सी' ह्या कादंबरीत आपल्या गावाचे चित्र रेखाटले, तेव्हा त्यास नाव दिले 'लुझर्न'. तेही जर्मन स्वित्झर्लंडातले. म्हणजे हा पुसटपणा आजकालचा नव्हे.

ह्यावर कोणी पंडित म्हणेल की हा सारा बनाव आहे. आम्हीही प्रथम असेच म्हणत होतो. परंतु मूळ वेव्हेच्या महोत्सवातील सर्वांत लोकप्रिय क्षण कोणता, हे पाहिल्यावर जीभ आवरती घ्यावी लागते. तो क्षण द्राक्षाच्या गाण्याचा नाही. डोंगरातल्या ग्रूयेरच्या गुराख्यांचे, गाईंना हाक घालणारे गीत तेथे गायिले जाते आणि हजारो प्रेक्षकांचे डोळे भरून येतात. ते गीत महोत्सवात आले १८१९ मध्ये. म्हणजे सरोवराकाठच्या बागवानांनीही ते शेजारच्या डोंगरातून उसनेच घेतले. ह्याच प्रकारच्या गुराखीगीतांविषयी रूसोने १७६८ च्या आपल्या संगीतकोशात असे नमूद केले आहे की, परदेशी फौजांतील भाडोत्री स्विस शिपाई ती ऐकून रडत, फौज सोडून पळत, म्हणून तेथे ती वाजविण्यास सक्त मनाई होती. बाझेलच्या योहानेस होफर ह्या तरुण वैद्याने १६८८ मध्ये घरच्या ओढीने झुरणाऱ्या ह्याच लोकांच्या व्याधीवर प्रबंध लिहिला आणि तिच्यासाठी 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घडविला. आज जगभर हवेसारखा वापरला जाणारा हा शब्द मूळचा नोकरीसाठी मुलूख सोडलेल्यांच्या दुखण्याचे वैद्यकीय नाव आहे, हे आमच्या बदलीग्रस्त वाचकांनी ध्यानात ठेवावे. रजेच्या अर्जात घालता येईल की नाही ते ज्याने त्याने पाहावे.

आणि उसनवारीचे म्हणाल तर आमच्या मंडळांचे गणेशोत्सव आठवावेत. कारवारचा कारकून, वऱ्हाडचा अभियंता आणि पुण्याचा हिशेबनीस परमुलखात एका मांडवाखाली येतात. गावी असताना ज्यांच्या घरी कोणी लेझीम हाती धरली नाही, लावणीचे नाव काढले नाही, त्यांची मुले येथे फेटे बांधून लेझीम खेळतात आणि सुना नऊवारी नेसून मंचावर येतात. ते कोणत्याही एका गावचे नसते. पण त्या मांडवात कोणी खोटे वागत असतो, असे निदान आम्ही म्हणणार नाही.

ओहायोनेच पुष्कळ खाली, त्याच इंडियाना राज्यात, स्विस नावाचे आणखी एक गाव वसविले आहे : टेल सिटी. सिनसिनाटीत १८५६ मध्ये स्थापन झालेल्या वसाहत-मंडळीने जमीन घेऊन १८५८ मध्ये ते उभारले. तेथील रस्त्यांना मोझार्ट, शिलर, गुटेनबर्ग, पेस्टालोझी अशी नावे आहेत; आणि नगरभवनासमोर १९७४ पासून विल्यम टेल आपल्या मुलासह उभा आहे. वसाहतकऱ्यांत अस्सल स्विसांपेक्षा जर्मनच अधिक होते. परगण्याची कचेरी आपल्याकडे यावी ह्या आशेने टेल सिटीने १८९६ मध्ये इमारत बांधली. शेजारच्या कॅनेल्टन गावाने ती कचेरी हातची जाऊ दिली नाही, आणि अखेर ती टेल सिटीस आली १९९४ मध्ये. अठ्ठ्याण्णव वर्षे चाललेले प्रकरण! सरकारी नोकरांस ह्यात काही नवल वाटणार नाही.

पुन्हा व्हीव्हीकडे. ड्यूफूरच्या मागोमाग आलेल्या स्विस कुटुंबांपैकी काही गावाच्या पश्चिमेस एका ओढ्याकाठी राहिली. ओढ्याचे नाव 'इंडियन क्रीक', म्हणजे आदिवासींचा ओढा. त्यांनी ते बदलून व्हो प्रांतातील एका लहानशा नदीवरून 'व्हनोज' असे ठेवले. ह्या ओढ्याकाठचे फ्रेंच धर्तीचे एक जुने लाकडी घर पडता पडता वाचले. गावच्या हौशी मंडळींनी ते दुरुस्त केले आहे, आणि त्याच्या चुलीवर जुन्या रीतीने शिजवून दाखविण्याचे दिवस ते अधूनमधून पाळतात. त्या घराला 'म्यूझे द व्हनोज' असे नाव आहे. पाटीवरचे ते फ्रेंच शब्द तेथे येणाऱ्यांपैकी थोड्यांनाच नीट उच्चारता येत असतील. ओढ्याला मात्र ते नाव चिकटले नाही. तो नकाशात आजही इंडियन क्रीक म्हणूनच वाहतो.